संगणक अभियंता व्हायचे आहे, म्हणून संगणक हा विषय नको

गेल्या मे महिन्यात बडोद्याला गेले होते. माझे आजोळ तिकडचे. मामांचे घर शहराच्या दक्षिणेला मांजलपुरात, तुळसीधाम चार रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मांजलपूर हे मूळचे गाव. पुढे शहर वाढत त्याच्यापर्यंत आले, शेजारी मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि नोकरदार कुटुंबांनी, त्यांत मराठी कुटुंबांनीही, येथे घरे घेतली. २००८ च्या पुनर्रचनेत या नावाचा विधानसभा मतदारसंघही झाला. मी पोहोचले तेव्हा गुजरात बोर्डाचा दहावीचा निकाल लागून गेला होता आणि घरात अकरावीच्या प्रवेशाची गडबड चालू होती. मामेभावाच्या मुलीला उत्तम गुण मिळाले होते. संगणक अभियंता व्हायचे हे तिने आठवीतच ठरवून टाकलेले. विज्ञान शाखेचा अर्ज टेबलावर होता आणि ऐच्छिक विषयाच्या रकान्यात तिच्या शाळेने दोन पर्याय दिले होते : संस्कृत किंवा कॉम्प्युटर.

तिने संस्कृतवर खूण केली.

‘‘अगं, तुला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय ना?’’ मी विचारले.

‘‘म्हणूनच तर, आत्या.’’

खुलासा वहिनींनी केला. ट्यूशनच्या सरांचा सल्ला होता की, प्रवेशाच्या वेळी मोजले जातात ते फक्त फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स. कॉम्प्युटर घेतले तर प्रयोगशाळेचे तास आले, जर्नल आले. संस्कृतला यातले काही नाही. वाचलेला वेळ गणिताला द्यायचा. समोरच्या घरातल्या मुलाने मात्र कॉम्प्युटर घेतला होता. तो वाणिज्य शाखेत होता आणि पुढे बी. कॉम. करणार होता.

विचार करता करता लक्षात आले की, दोन्ही मुलांचा निर्णय त्यांच्या परीने अगदी बरोबर होता. चूक असेल तर ती ज्या हिशेबावर हा निर्णय उभा आहे त्या हिशेबात आहे. हा किस्सा गोव्याच्या वाचकांना सांगण्याचे कारण इतकेच, की तो हिशेब आपल्याकडेही तोच आहे. बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत, त्यांच्यामागोमाग दहावीच्या. आणि चार महिन्यांत आपल्या हायर सेकंडरी विद्यालयांच्या खिडक्यांपाशी हाच अर्ज हातात घेऊन हजारो पालक उभे राहतील.

हिशेब असा आहे. गुजरातमध्ये अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांच्या कामगिरीवर आणि ‘गुजसेट’ या प्रवेश परीक्षेवर ठरते. गुजसेटमध्येही याच तीन विषयांचे प्रत्येकी चाळीस प्रश्न. गोव्यात पूर्वी जीसीईटी होती, आता अभियांत्रिकीसाठी जेईई मेनचे गुण धरले जातात. विषय तेच तीन. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी, विषय तेच तीन. आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, विषय पुन्हा तेच. संगणक अभियांत्रिकी ही या सर्व ठिकाणी सर्वाधिक मागणीची शाखा आहे आणि तिच्या दारावर संगणकाचा एकही प्रश्न विचारला जात नाही. आयआयटी व एनआयटीच्या नियमांत बारावीला एकूण ७५ टक्के गुणांची (किंवा बोर्डातील वरच्या वीस शततमकांत असण्याची) अट आहे. ती मोजताना तीन विज्ञान-गणित विषय, एक भाषा आणि पाचवा कोणताही विषय धरतात. त्या ‘कोणताही’मध्ये संगणक बसू शकतो. म्हणजे संगणक अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलाच्या बारावीत संगणकशास्त्राचा जास्तीत जास्त उपयोग टक्केवारीला टेकू देण्यापुरता. तो टेकू संस्कृतही देते, शारीरिक शिक्षणही देते.

यात संस्कृतचा अवमान आहे, हेही मराठीची पदवीधर म्हणून नोंदवले पाहिजे. वेळ वाचवण्यासाठी घेतलेली भाषा आणि वेळ जातो म्हणून सोडलेले शास्त्र, या दोघांची अवस्था सारखीच. पण संस्कृतचा प्रश्न आजचा नव्हे.

आता ज्याच्यावर काट मारली गेली तो विषय पाहू. समोरच्या मुलाची पुस्तके मी मागून घेतली आणि दोन दुपारी चाळली. अपेक्षा फारशी नव्हती. सरकारी पुस्तकातला संगणक म्हणजे ‘संगणकाचे उपयोग पाच ओळींत लिहा’ अशी माझी समजूत. ती खोटी ठरली. अकरावीत उबुंटू लिनक्स, त्यातील फायलींचे व्यवस्थापन, व्हिम संपादक, स्क्रिप्ट लिहिणे, सिनफिगमध्ये चलचित्र बनवणे आणि बेस वापरून विदासंग्रह तयार करणे. बारावीत संकेतस्थळाची रचना, ई-कॉमर्सची ओळख आणि त्यानंतर जावा : वर्ग, वस्तू, अ‍ॅरे, अपवाद हाताळणे, फायली. शेवटी लाटेकमध्ये दस्तऐवज तयार करण्याचेही प्रकरण आहे. महागड्या परवान्यांची संगणक प्रणाली शाळांच्या माथी न मारता मुक्त प्रणालींवर संपूर्ण अभ्यासक्रम उभारणे हा निर्णय विचारी होता. घरातल्या जुन्या संगणकावरही हे सारे फुकट बसवता येते. पुस्तकाचे वय आता दिसू लागले आहे, हे खरे. पण जो मुलगा यातली निम्मी कामे खरोखर स्वतःच्या हाताने करील, तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात जावासमोर गांगरणार नाही.

‘खरोखर स्वतःच्या हाताने’ या शब्दांपाशी घोडे अडते. गुजरात बोर्डाचा बारावीचा संगणकाचा लेखी पेपर बहुपर्यायी असतो, ओएमआर पत्रिकेवर गोळे काळे करायचे. जावामध्ये एका वर्गाने दुसऱ्याचा वारसा घेतला हे दाखवायला कोणता शब्द लागतो? चार पर्याय, एक गोळा. असे प्रश्न पाठांतराने सुटतात आणि ते पाठ करून घेणाऱ्या पुस्तिका बाजारात मिळतात. समोरच्या मुलाकडे तशी एक होती. पाठ्यपुस्तकापेक्षा तिची पाने अधिक मळलेली. त्याने ते लपवलेही नाही. ‘‘पेपरला हेच येतं,’’ तो म्हणाला. प्रात्यक्षिक असते, पण ज्याच्यावर बोर्डाची मोहर उमटते ती परीक्षा ही. एकशे वीस पानांची जावा शिकवून अखेर विद्यार्थ्याला एकही ओळ लिहायला लावायची नाही, हा प्रकार पोहण्याचा वर्ग तलावाकाठी घेण्यासारखा आहे.

केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची, स्थिती बरी आहे. तेथे संगणकशास्त्र या विषयाला ७० गुणांची लेखी परीक्षा व ३० गुणांचे प्रात्यक्षिक आहे. प्रात्यक्षिकाची विभागणीही चांगली : १२ गुण प्रयोगशाळेतील चाचणीला, ७ वहीला, ८ प्रकल्पाला, ३ तोंडी परीक्षेला. पूर्वी सी प्लस प्लस शिकवत, गेल्या दशकाच्या अखेरीस ते मागे पडून पायथन आली. जोडीला एसक्यूएल आणि नेटवर्कची ओळख. एनसीईआरटीने या विषयाची स्वतःची पुस्तकेही काढली. शिवाय वाणिज्य व कला शाखेच्या मुलांना पेलेल असा ‘इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ हा स्वतंत्र विषय आहे. तरीही सत्तर गुणांसाठी मूल पायथनचा कोड पेनाने कागदावर लिहिते. यंत्र ज्या चुका दाखवून देते आणि ज्या दुरुस्त करता करता माणूस प्रोग्रॅम लिहायला शिकतो, त्या चुका कागद कधीच दाखवत नाही. त्या दाखवतो तपासनीस, तीन महिन्यांनी, गुण कापून.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आणि काहीशी उद्बोधक आहे. तेथे अकरावी-बारावीला ‘बायफोकल’ म्हणून ओळखला जाणारा दोनशे गुणांचा संगणकशास्त्र हा विषय आहे. तो घेणारा विद्यार्थी दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सोडतो. शहरांतील नामांकित कनिष्ठ महाविद्यालयांत या जागांसाठी झुंबड असे. त्याच्या एका पेपरात प्रणाली, विदारचना आणि सी प्लस प्लस. दुसऱ्यात इंटेलचा ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक. ८०८५ बाजारात आला १९७६ साली. मुलांच्या आईवडिलांपेक्षाही काही वेळा वयाने मोठ्या असलेल्या या यंत्राच्या आज्ञा पाठ करण्यावरून या अभ्यासक्रमाची बरीच थट्टा झाली. मला ती थट्टा पूर्णपणे पटत नाही. लहानशा यंत्राच्या पोटात बेरीज कशी होते हे एकदा नीट कळले की, मोठ्या यंत्राची भीती जाते. परंतु झुंबड ८०८५ च्या प्रेमाने होत नसे. दुसऱ्या भाषेपेक्षा आणि जीवशास्त्रापेक्षा या विषयात दोनशेपैकी अधिक गुण पडतात, असा पालकांचा अनुभव होता. प्रवेशासाठी बोर्डाचे गुण मोलाचे होते तेव्हा या विषयाचा भाव चढा होता. सीईटीचे तीन विषय सर्वस्व झाले तसे त्याचे महत्त्व त्याच तीन विषयांसाठी मोकळा वेळ देणारा विषय एवढेच उरले. विषय तोच, शिक्षक तेच. बदलला तो केवळ प्रवेशाचा हिशेब.

यावर सहज सुचणारा उपाय असा की, संगणकशास्त्रही प्रवेशासाठी मोजा. नियमांत त्याला अगदीच जागा नाही असे नाही. एनआयटीच्या पात्रतेच्या नियमांत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक व्यावसायिक विषय यांपैकी असू शकतो. म्हणजे संगणक अभियंत्याला रसायनशास्त्र आलेच पाहिजे असा आग्रह तत्त्वतः कोणाचाच नाही. पण पात्रतेच्या नियमात रसायनशास्त्र वगळता येते आणि प्रवेश परीक्षेत मात्र एक तृतीयांश गुण रसायनशास्त्राचे. दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा बांधला, तर त्या दाराचा उपयोग काय?

मीही काही काळ या उपायाच्या बाजूने होते. मांजलपुरातल्या त्या चौकात संध्याकाळी उभे राहिल्यावर मत डळमळीत झाले. साडेपाच ते आठ या वेळेत त्या परिसरातल्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवरून मुलांचे थवे उतरतात आणि दुसरे थवे चढतात. फिजिक्स सुटले, मॅथ्स भरले. उद्या संगणकशास्त्राचे गुण प्रवेशात धरले तर परवा याच इमारतींत त्याचीही पाटी लागेल, आणि चार पर्यायांतून एक निवडण्याचे जे शिक्षण आज शाळेत फुकट मिळते ते विकत घ्यावे लागेल. त्याहून गंभीर बाब ज्यांना हा विषयच मिळत नाही त्यांची. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या युडायस प्लस अहवालानुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते आणि इंटरनेट सुमारे ५४ टक्के शाळांत. या आकड्यांत प्राथमिक शाळाही आहेत, त्यामुळे उच्च माध्यमिकचे चित्र इतके वाईट नसेल. तथापि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि शिक्षक असलेले, परंतु संगणकशास्त्राचा शिक्षक नसलेले विद्यालय शोधायला फार दूर जावे लागत नाही. अशा विद्यालयातल्या मुलीला प्रवेशाच्या रांगेत आणखी मागे ढकलण्याचे पाप त्या नियमाच्या माथी येईल. मोजले तर शिकवणीवाल्यांच्या हाती जाते, न मोजले तर कोणी शिकत नाही, असा हा पेच आहे.

पेचाच्या मुळाशी शिक्षक आहे. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याला अध्यापन हा सन्मानाचा व तुलनेने स्थिर मार्ग वाटतो. संगणकशास्त्रात तेवढेच शिकलेल्या तरुणापुढे पुणे, बंगळूरु, अहमदाबाद येथल्या कंपन्या असतात. तो शाळेत यावा म्हणून आपण त्याला काय देऊ करतो? बहुतेक ठिकाणी कंत्राटी नेमणूक, तासिकांवर मानधन आणि शाळेतल्या प्रत्येक ऑनलाइन माहिती-तक्त्याचे काम. प्रिंटर बिघडला की संगणकाच्या सरांना बोलवा. इंग्लंडसारख्या संपन्न देशालाही हा अनुभव आला. तेथील रॉयल सोसायटीने २०१२ साली शालेय संगणक शिक्षणावर अत्यंत परखड अहवाल दिला. मुले कार्यालयीन प्रणाली वापरायला शिकतात, संगणक समजून घ्यायला शिकत नाहीत, असा त्याचा आशय होता. २०१४ पासून अभ्यासक्रम बदलला गेला. त्याच संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत पुन्हा अडचण दिसली ती प्रशिक्षित शिक्षकांच्या तुटवड्याची. अभ्यासक्रम दोन वर्षांत बदलता येतो, शिक्षक तयार व्हायला पिढी लागते.

आपल्या देशाने हा धडा याआधीच घ्यायला हवा होता. १९८४ साली केंद्राने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत ब्रिटनहून आलेले बीबीसी मायक्रो संगणक ठेवले. यंत्रे आली, वातानुकूलित खोल्या सजल्या, चपला बाहेर काढून आत जाण्याची शिस्त लागली. पुढे अनेक शाळांत त्या खोल्यांना कुलूप राहिले, कारण शिकवणार कोण याचे उत्तर प्रकल्पापाशी नव्हते. गोव्यातही मनोहर पर्रीकर यांच्या कारकिर्दीत ‘सायबरएज’ योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांच्या घरी संगणक पोहोचले, आणि त्या काळात असे पाऊल उचलणारी राज्ये थोडी होती. माझ्या वर्गातल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला संगणक या योजनेमुळे पाहिला. त्यावर काय शिकायचे हे मात्र ज्याने त्याने आपापले ठरवले; बहुतेकांनी पत्त्यांचा डाव मांडला.

बडोद्यात असताना हा विचार मनात घोळत राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे कलाभवन. मांजलपुराहून लालबागचा पूल ओलांडून राजमहाल रस्त्याला लागले की थोड्या वेळात ही वास्तू येते. आज येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. मामेभावाच्या मुलीला प्रवेश हवा आहे तो नेमका येथेच. सयाजीरावांनी कलाभवन स्थापन केले १८९० मध्ये आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे दिली. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलालाही रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम शास्त्रीय पायावर शिकता यावे, म्हणून देशी भाषांतून शिक्षण देण्याचा प्रयत्न तेथे झाला. दादासाहेब फाळके छायाचित्रण व तत्सम कला शिकायला येथेच आले होते. १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या राजाचे हे दुसरे टोक : खाली सर्वांना अक्षरओळख आणि वर हाताला काम. मधल्या पायरीवर, म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी, काय शिकावे याचा प्रश्न त्या दोन टोकांमुळे आपोआप सुटत होता. आज कलाभवनाच्या दारात पोहोचण्यासाठी हाताने काही करून दाखवावे लागत नाही.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. समोरच्या मुलाचे पुस्तक गुजराती माध्यमाचे होते, परंतु त्यातल्या अनेक संज्ञा इंग्रजीच, लिपी तेवढी गुजराती. आपल्या मराठीत ‘आज्ञावली’, ‘विदा’, ‘संकेतस्थळ’ असे शब्द घडले आणि काही रुळलेही. तरी अकरावीतल्या मुलाला ‘लूप’ला मराठी शब्द विचारला तर तो गप्प राहील, आणि त्याचे काही बिघडणारही नाही. या बडोद्यानेच १९३१ साली राज्यकारभारासाठी ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा अनेक भाषांतील प्रतिशब्दांचा कोश काढला होता. त्या धर्तीचे काम संगणकासाठी व्हावे असे मला वाटत असे. आता वाटते की, शब्द इंग्रजी राहिला तरी चालेल, समजावणे मात्र मुलाच्या भाषेत हवे. पुनरावृत्ती कधी थांबते हे कोकणीत, मराठीत किंवा गुजरातीत सांगणारा शिक्षक असेल तर ‘लूप’ या शब्दाने कोणाचे अडत नाही.

गोव्याच्या दृष्टीने यातून काय निघते? आपण खालच्या टोकाला एक चांगले काम सुरू केले आहे. ‘केअर्स’ या योजनेखाली २०२१-२२ पासून सरकारी व अनुदानित शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग व रोबोटिक्स शिकवले जाते. पेडण्यातला किंवा काणकोणातला तेरा वर्षांचा मुलगा ठोकळे जोडून दिवा पेटवतो, चाकाची गाडी वळवतो, हे दृश्य कोणालाही सुखावणारे आहे. त्यात भर म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार हा विषय २०२६-२७ पासून आणण्याचे जाहीर केले. म्हणजे उत्साह तिसरीत, उत्साह आठवीत, आणि अकरावीत आल्यावर त्याच मुलाला आपण सांगणार की, आता हे खेळ पुरे, मोजत नाहीत. आठ-नऊ वर्षे चढत आणलेला जिना नेमक्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर तुटलेला आहे.

माझ्या मते तो प्रवेशाच्या गुणांनी जोडण्याची गरज नाही. परीक्षेच्या पद्धतीने जोडता येईल. लहान राज्याला मोठ्या राज्यापेक्षा एक सोय असते. गुजरातेत किंवा महाराष्ट्रात लाखो मुलांची परीक्षा संगणकासमोर बसवून घेणे अवघड आहे, तरी महाराष्ट्र बोर्ड बारावीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयाची परीक्षा गेली अनेक वर्षे ऑनलाइन घेते. गोव्यात संगणकशास्त्र घेणाऱ्यांची संख्या त्या मानाने किती? तीन तास, एक संगणक, इंटरनेट बंद, आणि एक काम : गावातल्या ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहा, ती चालवून दाखवा. चालली तर गुण, न चालल्यास कुठे अडली ते ओळखल्याचे गुण. असा पेपर पाठ करून देता येत नाही आणि त्याची पुस्तिकाही निघत नाही. त्यासाठी हायर सेकंडरी स्तरावर संगणकशास्त्राच्या शिक्षकांची नियमित पदे लागतील, हे उघड आहे. आणि वित्त खात्याची भुवई तेथेच वर जाईल. परंतु दरवर्षी नवी यंत्रे घेण्यावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही मागणी अवास्तव नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहू लागली आहे, मग मुलांना तो शिकवायचा कशाला, असा प्रश्न हल्ली सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. गणकयंत्र आल्यावर पाढ्यांविषयीही हेच विचारले गेले होते. यंत्राने लिहिलेल्या पन्नास ओळींत चूक कुठे आहे हे ओळखायला ज्याने स्वतः पाच ओळी चुकवल्या आहेत असा माणूस लागतो. उलट, ओएमआर पत्रिकेवर जे विचारले जाते ते सारे आजच्या कोणत्याही चॅटबॉटला पहिल्याच फटक्यात येते. तेव्हा या नव्या यंत्रांनी निकामी ठरवला असेल तर तो विषय नव्हे, तो पेपर.

बाहेरच्या वाटा थोड्या थोड्या उघडत आहेत, हे नमूद केले पाहिजे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमाला जेईई लागत नाही. आधी काही आठवडे शिकवतात आणि त्यावरच पात्रता परीक्षा घेतात. वाणिज्य शाखेच्या मुलालाही तो खुला आहे. आयआयटी कानपूरने २०२५-२६ पासून ऑलिंपियाडमधील कामगिरीवर मोजक्या जागा ठेवल्या, त्यांत संगणकाचे ऑलिंपियाडही आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीमध्ये संगणकशास्त्र हा एक विषय म्हणून घेता येतो. जागा थोड्या, माहिती त्याहून थोडी. मांजलपुरातल्या त्या ट्यूशनमध्ये यांपैकी कशाचाच उल्लेख झाला नव्हता. होणार कसा? तेथे शिकवले जाणारे तीन विषय यांपैकी एकाही वाटेला पुरत नाहीत.

दिवाळीत वहिनींचा फोन आला. मुलीचे सहामाहीचे पेपर झाले होते, संस्कृतात शंभरात ब्याण्णव. रविवारी दुपारी ती समोरच्या मुलाकडे जाऊन बसते, म्हणाल्या. त्याच्या जुन्या संगणकावर उबुंटू आहे. तो तिला जावा दाखवतो आणि ती त्याला सांख्यिकीची गणिते सोडवून देते. ‘‘वाया जातो का गं वेळ?’’ वहिनींनी मला विचारले. मी नाही म्हणाले. मामेभावाने फोन घेतला आणि सांगितले की, जानेवारीपासून रविवारचीही एक बॅच लावली आहे, केमिस्ट्रीची.